रोज वापरायला जुनी एमजीबी कशी निवडावी

सकाळी सातला किल्ली अर्धी फिरवली की माझ्या गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून टिक-टिक-टिक असा आवाज येतो. तो टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या विजेच्या पंपाचा. पाच-सहा टिकटिकी होतात, मग आवाज मंदावतो आणि थांबतो. कार्बोरेटर भरले. मग चोक ओढायचा आणि सेल मारायचा. गाडी १९७३ ची एमजीबी जीटी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीची पक्क्या छपराची आवृत्ती. गेली अकरा वर्षं मी वॉरिकशायरमधल्या घरापासून चौदा मैलांवरच्या कामाच्या जागी हिच्यातूनच जाते-येते, पावसात आणि थंडीतसुद्धा.

इंग्लंडात आलेली ओळखीची मराठी मंडळी ही गाडी पाहून विचारतात की अशी घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी बघावी. दोन-तीन जणांबरोबर मी गाड्या बघायलाही गेले आहे. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुम्हाला रोज चालवायची गाडी हवी आहे, मग रोज चालत आलेलीच गाडी शोधा. दहा वर्षं गॅरेजमध्ये चादरीखाली झाकून ठेवलेली, आरशासारखी चकचकीत गाडी बघून जीव भुलतो. पण उभ्या गाडीचे ब्रेक सिलिंडर धरतात, रबरी नळ्या तडकतात, टाकीत गंज धरतो, सीलं सुकतात. दरवर्षी तीन-चार हजार मैल धावलेली, रंग थोडा उडालेली गाडी तिच्यापेक्षा कितीतरी निरोगी असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका निकषावर उभ्या आहेत.

एमजीबीच का

एमजीबी १९६२ च्या सप्टेंबरमध्ये आली आणि ऑक्टोबर १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात बनत राहिली. पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. आज पुण्या-मुंबईत दिसणाऱ्या एमजी हेक्टरवर जे अष्टकोनी चिन्ह असतं, ते याच घराण्याचं. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, लोखंडी आणि साधं. ते उघडून दुरुस्त करू शकणारा मेकॅनिक इंग्लंडात जवळपास प्रत्येक जिल्ह्यात सापडतो. सुटे भाग तर इतके मिळतात की एखाद्या दहा वर्षांच्या गाडीच्या मालकानं हेवा करावा. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांवर एमजीबीची पूर्ण नवी बॉडीसुद्धा बनवते आहे.

भारतात असा विचार करता येत नाही, हेही सांगायला हवं. २०२१ च्या नियमांनुसार तिथे पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली, तर ती प्रदर्शन, रॅली, संशोधन किंवा दुरुस्ती-पेट्रोलपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं उलटलेली गाडी ‘हिस्टॉरिक’ वर्गात नोंदवली की रस्ता कर शून्य होतो. मात्र तो आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. या वर्गातल्या गाडीला लंडनचा युलेझ आणि बर्मिंगहॅमचा क्लीन एअर झोन, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणारे शहरातले भाग, दोन्हींचे पैसे लागत नाहीत. लंडनच्या गर्दीच्या मध्यभागात शिरण्याचं शुल्क, म्हणजे कन्जेशन चार्ज, मात्र लागतो.

पहिली पायरी: नेमकी कोणती

उघड्या टपाची रोडस्टर दिसायला देखणी, पण रोजच्या वापराला मी जीटीच सुचवेन. ती १९६५ मध्ये आली, आणि तिचं पक्कं छप्पर घडवण्यात इटलीच्या पिनिनफारिनाचा हात होता. छप्पर असल्यामुळे बॉडी जास्त मजबूत, पाऊस आत येत नाही, मागचं दार वर उघडतं आणि लेस्टरहून आणलेली तांदळाची गोणी, पिठाचे डबे, भाजीच्या पिशव्या सगळं मावतं. शिवाय रोडस्टरपेक्षा ती स्वस्तही मिळते.

वर्ष निवडताना १९६७ ची अखेर ही महत्त्वाची खूण. त्याआधीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेली यंत्रणा) नसतो आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेला असतो. त्यामुळे साधा फोन चार्जर लावतानाही विचार करावा लागतो. पुढच्या मार्क टू, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या गाड्यांत चारही गिअर सिंक्रोचे आणि डायनॅमोऐवजी अल्टरनेटर. रोजच्या प्रवासाला हे सोयीचं.

१९७४ च्या शरदात अमेरिकेच्या नियमांसाठी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंचानं उंच झाली. त्यामुळे वळणावर ती जास्त कलते. १९७७ च्या मॉडेलपासून अँटी-रोल बार बदलून हे बरंच सुधारलं. रबरी बंपरच्या गाड्यांना लोक नाकं मुरडतात, म्हणूनच त्या कमी पैशांत मिळतात. बजेट आखडतं असेल तर शेवटच्या तीन वर्षांची चांगल्या पत्र्याची रबरी बंपरवाली जीटी निःशंक घ्या.

आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरू देणारी गिअरबॉक्सची जोड, हवाच. त्याशिवाय सत्तर मैलांच्या वेगाला इंजिन ३,९०० च्या आसपास फिरत असतं, ओव्हरड्राइव्हमध्ये तेच ३,२०० वर येतं. रोज अर्धा तास मोटरवेवर काढणाऱ्याच्या कानांना आणि पेट्रोलच्या खर्चाला हा फरक जाणवतो. लिटरला नऊ-दहा किलोमीटर एवढीच अपेक्षा ठेवा.

दुसरी पायरी: घरबसल्या कागद वाचा

जाहिरातीत नंबर प्लेट दिसली की सरकारच्या संकेतस्थळावर त्या गाडीचा एमओटीचा, म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे का हे बघणाऱ्या वार्षिक तपासणीचा, इतिहास फुकट बघता येतो. तो अगदी शांतपणे वाचा. दरवर्षीचे मैल कागदावर मांडा. वर्षाला बारा मैल, बारा मैल, नऊ मैल असं दिसलं तर गाडी फक्त तपासणीपुरती बाहेर पडत होती. ‘सिलला गंज’ (सिल म्हणजे दाराखालची पत्र्याची पेटी), ‘पाट्यांच्या आधाराजवळ गंज’ (पाटे म्हणजे मागच्या स्प्रिंगा) अशी सूचना एका वर्षी असेल आणि पुढच्या वर्षी नसेल, तर मधल्या काळात काय काम झालं, त्याचं बिल मागा.

मे २०१८ पासून मोठे बदल न केलेल्या, चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना एमओटीची सक्ती नाही. त्यामुळे कित्येक एमजीबींचा इतिहास तिथेच थांबतो. अशा वेळी विक्रेत्याला सांगा की व्यवहाराआधी नवी एमओटी करून घेऊ, पैसे मी देते. कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे. नकार मिळाला तर तिथेच नमस्कार करा.

चेसी नंबरही बघून ठेवा. तो जीएचएनने सुरू होत असेल तर रोडस्टर, जीएचडीने होत असेल तर जीटी. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मूळ नोंदींवरून प्रमाणपत्र मिळतं. त्यात गाडी कोणत्या रंगात आणि कोणत्या देशासाठी बनली ते कळतं. अमेरिकेतून परत आणून उजव्या स्टिअरिंगची केलेली गाडी वाईट नसते, उलट कोरड्या हवेमुळे पत्रा चांगला असू शकतो. पण विक्रेत्यानं ते आपणहून सांगायला हवं.

तिसरी पायरी: पत्रा, पत्रा आणि पत्रा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. इंजिन खराब निघालं तर दुसरं बसवता येतं. पत्रा सडलेला निघाला तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. या गाडीला वेगळी चेसी नाही, सगळा भार बॉडीच वाहते. दाराखालून जाणारी पत्र्याची लांब पेटी, म्हणजे सिल, हा तिचा कणा. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोन्हींच्या मध्ये उभा पडदा, अशी ती बनलेली असते. बाहेरून ठणठणीत दिसणारी सिल आतून पापडासारखी झालेली असू शकते.

माझी पहिली एमजीबी मी रंगावर भाळून घेतली होती. गडद हिरवी, नुकतीच रंगवलेली. सहा महिन्यांनी गॅरेजमध्ये जॅकवर चढवली तेव्हा दार उघडेना. मेकॅनिकनं सिलवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आत गेला. वर सुबक पुट्टी, तिच्याखाली कुजलेल्या पत्र्यावर नुसती नवी पट्टी जोडलेली. त्या दिवशी मी गाडीशेजारी बसून रडले. विकणाऱ्यानं हे झाकलं होतं, याचा राग आजही येतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून पुढचं सगळं नीट करा.

फ्रीजवरचं छोटं मॅग्नेट पातळ रुमालात गुंडाळून न्या. सिलवरून, पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकावरून, मागच्या चाकाच्या कमानीवरून ते हळूहळू सरकवा. जिथे पकड सुटते तिथे पुट्टी आहे. मग खाली बसा आणि सिलची दोन टोकं बघा. मूळ रचनेत सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या पत्र्याआड जाते. म्हणून ती नीट बदलायची तर मडगार्डचा खालचा भाग कापून परत जोडावा लागतो. ज्यानं काम केलं त्याच्याकडे त्या कापाकापीचे फोटो असतातच. फोटो नाहीत आणि सिल मात्र ‘नवीन’, तर वरून पट्टी मारलेली असण्याची शक्यता दाट.

आता चार पावलं मागे जाऊन दारांच्या फटी बघा. फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. मालकाची परवानगी घेऊन एका बाजूला जॅक लावा आणि त्याच बाजूचं दार उघड-बंद करून बघा. फट आवळली किंवा दार अडकलं तर बॉडी वाकते आहे. रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे ही चाचणी तिथे जास्त बोलकी ठरते.

त्यानंतर आतलं कार्पेट उचलून जमीन, सीटमागच्या फळीखालची बॅटरीची जागा, आणि गाडीखाली टॉर्च घेऊन मागच्या पाट्यांचे पुढचे आधार. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सीटमागच्या त्या फळीखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. अॅसिड सांडून त्या पेट्या हमखास गंजतात. दाराच्या वरच्या कडेला, तिकोनी काचेच्या बुडाशी, केसासारखी बारीक चीर दिसली तर घाबरू नका. तो या गाडीचा जन्मजात दोष आहे आणि वेल्डिंगनं निघतो.

चौथी पायरी: गार इंजिन सुरू करा

विक्रेत्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा. किल्ली फिरवल्यावर पंपाची टिकटिक थांबायला हवी. चालूच राहिली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाहतंय किंवा नळीतून हवा शिरते आहे. सुरू होताना निळा धूर क्षणभर आला तर चालेल, वीस मैल चालवल्यावरही येत असेल तर नाही. गरम झाल्यावर ऑइलचा काटा धावताना पन्नासच्या वर आणि उभ्यानं पंधराच्या वर हवा. खाली दोन-चार थेंब ऑइल या इंजिनाचं गळतंच, त्यावरून किंमत पाडू नका.

चालवताना ओव्हरड्राइव्हचा खटका चौथ्यात टाका. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला पाहिजे आणि खटका काढल्यावर तितक्याच चटकन वर यायला हवा. तारांची चाकं असतील तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि गाडी पुढे-मागे हलवा. ‘टक्’ असा आवाज आला तर चाकाच्या हबचे दाते झिजलेत, ते काम महाग पडतं. रोजच्या गाडीला मी साधी लोखंडी चाकंच पसंत करते. पुढची चाकं वर उचलून वर-खाली धरून हलवा. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर वळतं त्या खिळ्याला, दर तीन हजार मैलांनी ग्रीस लागतं, आणि ते न देणारे मालक पुष्कळ असतात.

सीटा, कार्पेट, रेडिओ याकडे शेवटी बघा. ते सगळं बाजारात मिळतं.

पाचवी पायरी: रोजच्यासाठी सज्ज करा

विम्याबाबत स्पष्ट बोला. क्लासिक गाड्यांच्या स्वस्त पॉलिसीत मैलांची मर्यादा असते आणि बऱ्याचदा कामावर जाणं-येणं त्यात धरलेलं नसतं. ‘मी रोज कामाला नेणार’ हे लेखी नोंदवून घ्या, नाहीतर अपघातानंतर हात वर केले जातील. गाडीची ठरलेली किंमतही पॉलिसीत लिहून घ्या.

पेट्रोल पंपावर ई-५ (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल) लिहिलेलं सुपरच भरा. २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत) आहे, आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या बसवल्या तरी उत्तम. शिशाविना पेट्रोलसाठी हेडमध्ये कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का, हेही बिलांत शोधा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि विजेचा पंखा हे दोन बदल पहिल्या महिन्यात करा, कारण ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर या गाडीचा काटा वर चढतो.

हिला एअरबॅग नाही, एबीएस नाही. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवायची सवय मी पहिल्या आठवड्यातच लावून घेतली.

ऑक्टोबर संपण्याआधी सिल आणि दारांच्या पोकळीत मेण मारून घ्या. रस्त्यावर मिठाचे ट्रक फिरू लागले की दर शनिवारी पाण्याची नळी घेऊन गाडीची खालची बाजू धुवायची, चाकांच्या कमानींच्या आतल्या कडांपर्यंत. मग सिलच्या बुडाला पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती तारेनं मोकळी करायची आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचं.