क्रूझ कंट्रोल आणि आपत्कालीन ब्रेक वापरताना या चुका टाळा

समोरची गाडी अचानक लेन बदलते आणि तिच्यापुढे बंद पडलेला ट्रक उभा दिसतो. तुम्ही ताशी १०० किलोमीटरला, ॲडाप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत ठरवलेला वेग धरणारी यंत्रणा) चालू, पाय मागे ओढून निवांत बसलेले. अशा वेळी गाडी ब्रेक लावेलच या भरवशावर राहणं ही सगळ्यांत घातक चूक, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

या यंत्रणेच्या गाडीतल्या रडारला रस्त्यावरचं बरंच काही दिसत असतं : दिशाफलक, कठडे, पुलाचे खांब. यातल्या प्रत्येकासाठी ब्रेक लागू लागले तर गाडी चालवणंच अशक्य होईल. त्यामुळे वेगात असताना अनेक यंत्रणा स्थिर वस्तू बाजूला टाकतात आणि मुख्यतः चालत्या गाड्यांचा माग धरतात. तो माग ज्या गाडीचा होता ती बाजूला झाली की यंत्रणेच्या लेखी रस्ता मोकळा झाला. मग ठरवलेला वेग गाठण्यासाठी ती उलट वेग वाढवूही शकते. वळणावरही असंच होतं. पुढची गाडी रडारच्या झोतातून निसटते आणि आपली गाडी जोर घेते. लेनच्या कडेने जाणारी दुचाकीसुद्धा अशीच हुकते. मॅन्युअलमध्ये हे इशारे स्पष्ट छापलेले असतात, पण ती पानं फार कमी लोक उघडतात.

ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. ‘आता लावेल, मग लावेल’ म्हणत दोन सेकंद वाट पाहिली की ५५ मीटर संपले. म्हणून नजर पुढच्या गाडीच्या पलीकडे, तिच्याही पुढच्या गाडीवर ठेवा. अंतराची सेटिंग मोठ्यात मोठी असू द्या. मधे कुणीतरी घुसतं म्हणून लोक ती कमी करतात. माझं स्पष्ट मत आहे, घुसू द्या. पाय सीटखाली नको, ब्रेकच्या जवळ हवा.

गाडीत कोणतं क्रूझ आहे?

साधं क्रूझ कंट्रोल १९५८ साली क्रायस्लरच्या गाड्यांत आलं. त्याचं काम आजही तेवढंच आहे, ठरलेला वेग धरून ठेवायचा. पुढे कोण आहे याची त्याला खबर नसते. बरीचशी साधी क्रूझ ब्रेक लावत नाहीत, त्यामुळे मोठ्या उतारावर वेग ठरवल्यापेक्षा वर जातो. ज्याला ॲडाप्टिव्हची सवय आहे तो दुसऱ्याची गाडी चालवायला घेतो तेव्हा इथेच फसतो, कारण स्टीअरिंगवरची बटणं दोन्हीकडे जवळपास सारखीच असतात. निघण्याआधी एकदा विचारून घ्या.

ॲडाप्टिव्हमध्येही दोन प्रकार आहेत. काही गाड्या पुढच्या गाडीमागे पूर्ण थांबतात, तर काही ठरावीक वेगाखाली गेल्यावर एक आवाज करून काम सोडून देतात. तो आवाज आला की ब्रेक तुमचा.

रिझ्युमचं, म्हणजे आधी ठरवलेला वेग परत आणणारं, बटणही जपून वापरा. मोकळ्या रस्त्यावर ११० ठरवले होते, मग ब्रेक दाबून वस्तीत शिरलात. तिथे रिझ्युम दाबलंत की गाडी पुन्हा ११० कडे झेपावेल. रस्ता बदलला की वेग नव्याने सेट करायचा. ओल्या किंवा निसरड्या रस्त्यावर मात्र क्रूझ लावूच नका. साचलेल्या पाण्यात वेग घटला की ते इंजिनाला जोर देतं आणि चाकं जागीच फिरू शकतात.

आपत्कालीन ब्रेककडून अवाजवी अपेक्षा

एईबी (ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग) म्हणजे शेवटच्या क्षणी आपोआप लागणारा ब्रेक. टक्कर टाळायची, नाहीतर निदान तिचा जोर कमी करायचा, हे त्याचं काम. हे काम तो चांगलं करतो : अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला इशारा आणि स्वयंचलित ब्रेक असलेल्या गाड्यांत पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघात सुमारे निम्म्याने कमी आढळले. म्हणून ते कधीच बंद करून ठेवू नका. पण त्याच संस्थेच्या २०२२ मधल्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पादचाऱ्यांना धडकण्याचे अपघात एकूण २७ टक्क्यांनी कमी झाले, मात्र दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर काहीच फरक दिसला नाही. रात्री अशा रस्त्यावर एईबी नाहीच असं समजून वेग ठेवा.

घाबरून ॲक्सिलरेटर जोरात दाबला किंवा स्टीअरिंग झटक्यात वळवलं, तर अनेक गाड्या चालकानेच ताबा घेतला असं समजून ब्रेक सोडतात. आणि गाडी थांबली तरी काम संपत नाही. कित्येक गाड्यांत तो ब्रेक दोनेक सेकंदांनी सुटतो आणि ऑटोमॅटिक गाडी हळूहळू पुढे सरकते. इशाऱ्याचा आवाज येताच स्वतः पूर्ण जोराने ब्रेक दाबा आणि दाबूनच ठेवा.

हे नीट चालतं का, ते पाहायला खोके किंवा माणूस समोर उभा करू नका.

डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला किंवा उगीच ब्रेक लागला तर

आधी काच आणि बंपर पुसा. कॅमेरा बहुधा आरशामागे काचेला चिकटून असतो, रडार लोगोच्या मागे किंवा खालच्या जाळीत. चिखल, बर्फ, रडारवर येणारी नंबरप्लेटची जाड चौकट, बाहेरून बसवलेला गार्ड, बंपरवरचा रंगाचा जाड थर, यातलं काहीही आड येऊ शकतं. सूर्य अगदी समोर असेल तर कॅमेरा तात्पुरता आंधळा होतो आणि थोड्या वेळाने दिवा विझतो. पुसूनही तक्रार राहिली, तर कुठे आणि किती वाजता ब्रेक लागला ते लिहून सर्व्हिस सेंटरला द्या.

गाडी ओढून नेताना किंवा यांत्रिक धुलाईत घालताना एईबी तेवढ्यापुरतं बंद करायला बरीच मॅन्युअल सांगतात. नंतर ते पुन्हा चालू आहे ना, हे पाहा.

पुढची काच बदलली किंवा बंपरला ठोकर बसली, तर कॅमेरा-रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांची दिशा पुन्हा अचूक जुळवणं, करावं लागू शकतं. कॅमेरा अंशभर जरी तिरपा झाला तरी दूरवरची गाडी त्याला शेजारच्या लेनमध्ये वाटू शकते. काच बसवणाऱ्याकडून कॅलिब्रेशन केल्याचा कागद मागून घ्या, आणि तो हातात येईपर्यंत ॲडाप्टिव्ह क्रूझ लावू नका.