एमएस्सी स्टॅटिस्टिक्सचा प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांच्या प्रोजेक्टचे विषय साधारण ठरलेले असतात: हापूस, पाऊस, मासळी, नाहीतर चिपळूणचा पूर. त्यात गैर काहीच नाही. डेटा दारात आहे आणि घरी सगळ्यांना त्यातलं कळतं. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड चालवायलाही मुलं आता सराईत झाली आहेत. गाडी अडते त्याआधीच. ‘या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय?’ एवढंच विचारलं की बहुतेकांची पंचाईत होते. एक आंबा? एक झाड? एक दिवस? तो दिवस कितीपासून कितीपर्यंत? पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ याच प्रश्नात आहे.

१२० आंबे म्हणजे १२० निरीक्षणं नव्हेत

सर्वांत जास्त गुण घालवणारी चूक ही, म्हणून तिच्यावर जरा थांबू. समजा तीन बागा घेतल्या, प्रत्येक बागेत चार झाडं आणि प्रत्येक झाडाचे दहा आंबे. वजन केलं, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (रसातली गोडी) मोजला, एक्सेलमध्ये १२० ओळी भरल्या. मग टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) लावताना नमुना १२० चा धरला, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) इवलीशी आली आणि सगळे खूश.

पण एकाच झाडाचे दहा आंबे एकमेकांसारखे असणारच. माती तीच, ऊन तेच, मोहोर एकाच सुमारास आलेला. हा सारखेपणा किती महागात पडतो याचा हिशेब सोपा आहे: १ + (एका झाडाचे आंबे − १) × झाडांतर्गत सहसंबंध (एकाच झाडाचे आंबे एकमेकांशी किती मिळतेजुळते, तो आकडा). सहसंबंध ०.५ धरला तर १ + ९ × ०.५ = ५.५. म्हणजे १२० आंब्यांची खरी किंमत १२० भागिले ५.५, जवळपास २२ स्वतंत्र आंब्यांएवढी. स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, खरी आहे त्याच्या निम्म्याहूनही कमी दाखवली गेली. बागेबागेतला फरक तर यात अजून धरलेलाच नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे एका बागेत फवारणी केली, दुसरीत नाही, आणि दोन्हींतून पन्नास-पन्नास आंबे आणले. एक बाग कातळावरची, दुसरी खाली वहाळाच्या कडेची. मग फरक फवारणीचा की कातळाचा? जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर हे तुम्हाला वेगळं करून देणार नाही, कारण प्रत्येक बाजूला निरीक्षण एकच आहे. आंबे पन्नासाचे पाचशे केलेत तरीही. यावर इलाज डेटा गोळा करण्याआधीच आहे: प्रत्येक बागेतली काही झाडं चिठ्ठ्या टाकून फवारणीसाठी निवडायची, काही तशीच सोडायची आणि बागेला ब्लॉक, म्हणजे आतल्या आत तुलना करायचा गट, मानायचं. रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं, ते नेमकं इथे आठवत नाही.

आंबे निवडताना हाताला येतील तेवढेच काढणं हीसुद्धा चूकच. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीककापणीच्या नमुन्यांवर काम करताना दाखवून दिलं होतं की प्लॉट फार लहान असला तर कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं. भाताच्या शेतात कड, तशी आंब्यात खालची फांदी. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन वरचे आंबेही काढा आणि कुठल्या फांदीचे काढायचे ते आधी कागदावर ठरवा.

आणखी एक गोष्ट बागायतदार फुकटात सांगतो, पण आपण लिहून घेत नाही. “गेल्या वर्सा लागलो होतो, औंदा नाय.” हापूस वर्षाआड धरतो. एकाच हंगामाचा डेटा घेऊन ‘या खतामुळे उत्पादन वाढलं’ असं लिहिलंत, तर ते झाडाचं धरतं वर्ष होतं का, हा प्रश्न येणारच. गेल्या हंगामाचं उत्पादन हा एक स्तंभ तक्त्यात हवाच. मात्र ते ‘पेटी’मध्ये सांगितलेलं असेल तर किती डझनी पेटी ते विचारा. फळ लहान तसे पेटीत डझन जास्त.

पावसाचा दिवस रात्री बारा वाजता सुरू होत नाही

हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजला जातो आणि आधीच्या चोवीस तासांचा आकडा त्या दिवसाच्या तारखेवर पडतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं. त्या तारखेसमोरचा पाऊस हा २१ च्या सकाळी साडेआठपासूनचा आहे. नदीच्या पातळीचे तासातासाचे आकडे कॅलेंडरच्या तारखेने जोडले की पाऊस आणि पूर यांतलं अंतर चुकतं. मग मुलं ‘लॅग’चा, म्हणजे पाऊस आणि पूर यांतल्या विलंबाचा, मोठा अर्थ लावत बसतात.

रिकाम्या चौकटीत शून्य भरणं हा दुसरा घोटाळा. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे जुलैच्या मध्यात सलग आठ दिवस रिकामे दिसले तर त्याचा अर्थ ऊन पडलं होतं असा नाही, त्या दिवसांची नोंद झालेली नाही. ती रिकामीच ठेवा आणि शेजारचं केंद्र बघा. एक्सेल ०३/०७ ला ७ मार्च करून ठेवतं तेही एकदा तपासा. मार्चमध्ये कोकणात दोनशे मिलीमीटर दिसले की समजायचं.

पाऊस आणि मासळी

मासिक पाऊस एका बाजूला, बंदरावर उतरलेली मासळी दुसऱ्या बाजूला, आणि चांगला ठळक ऋण सहसंबंध. निष्कर्ष: पाऊस वाढला की मासळी घटते. वाचायला बरं वाटतं. पण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. ऐन पावसाचे दोन महिने ट्रॉलर धक्क्यावरच असतात. तो सहसंबंध पावसाने नाही, शासनाच्या आदेशाने तयार केला आहे. हंगामी मालिका एकमेकींवर ठेवल्या की असे नातेसंबंध हवे तेवढे निघतात. काळाबरोबर बदलणाऱ्या मालिकांतल्या अशा फसव्या सहसंबंधांबद्दल संख्याशास्त्रज्ञ यूलने १९२६ मध्येच लिहून ठेवलंय.

करायचं काय? बंदीचे महिने वेगळे काढा, उरलेल्यांत प्रत्येक महिन्याची सरासरी वजा करून मगच सहसंबंध बघा. आणि बंदीतलं शून्य हे ‘जाळं टाकलं, मिळालं नाही’ असं शून्य नाही. दोन्ही एकाच पॉयसन मॉडेलमध्ये (मोजून आलेल्या संख्यांसाठीचं मॉडेल) कोंबलीत तर मॉडेल बिघडणारच. आपल्याला हवा तो आकडा खरं तर एका फेरीमागे किती मासळी मिळाली हा असतो. नुसत्या एकूण टनांत किती नौका गेल्या हेही मिसळलेलं असतं.

आर कुरकुर करतं तेव्हा

मिक्स्ड मॉडेल (बाग, झाड असे गट लक्षात घेणारं मॉडेल) चालवलं आणि ‘सिंग्युलर फिट’ असा संदेश आला की मुलं घाबरून मॉडेलच बदलतात, किंवा संदेश लपवतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं: बागा तीनच आहेत. तीन आकड्यांवरून बागाबागांतलं प्रसरण (व्हेरियन्स) कसं काढणार? ते शून्यावर जाऊन बसतं. बाग फिक्स्ड इफेक्ट म्हणून घ्या (प्रत्येक बागेचा परिणाम थेट काढा), झाड रँडम ठेवा (झाडं मोठ्या समूहातला नमुना माना), आणि तसं का केलंत ते अहवालात एका वाक्यात लिहा.

लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (उत्तर हो किंवा नाही असतं तेव्हाचं मॉडेल) स्टँडर्ड एरर हजारांत आली, तर कोड सोडा आणि आधी साधा दोन बाय दोनचा तक्ता काढा. एखाद्या चौकटीत शून्य सापडेल, उदाहरणार्थ फवारलेल्या एकाही झाडाला करपा (बुरशीचा रोग) नाही. त्या गुणकाला मर्यादित अंदाजच नाही. अशा वेळी फर्थची पद्धत वापरा, तिच्यात गुणकाचा अंदाज मर्यादित राहतो.

आकड्यांच्या स्तंभात कुठेतरी ‘नाही’ किंवा ‘--’ टंकलेलं असेल आणि तो स्तंभ फॅक्टर (आकड्यांऐवजी गटांची नावं ठेवणारा प्रकार) झाला असेल, तर त्याला थेट न्यूमरिक करू नका. आर तुमचे आकडे देत नाही, लेव्हलचे, म्हणजे त्या गटांचे, क्रमांक देतं, तेही गुपचूप. ब्रिक्स १८ च्या जागी ३ आला तर इथे शोधा. आधी कॅरेक्टर, मग न्यूमरिक.

नॉर्मॅलिटीची (आकडे घंटाकृती वक्रात बसतात का याची) चाचणी मूळ उत्पादनावर नको, रेसिड्युअलवर (मॉडेलचा अंदाज वजा करून उरलेल्या फरकावर) करा. त्यातही चाचणीपेक्षा क्यू-क्यू आलेख बरा, त्यात ठिपके सरळ रेषेत आहेत का ते डोळ्यांनी दिसतं. नमुना मोठा असला की शापिरो ही नॉर्मॅलिटीची चाचणी क्षुल्लक वाकडेपणावरही बोट ठेवते.

अहवालात एसपीएसएस या सॉफ्टवेअरने पी-व्हॅल्यू म्हणून दिलेलं ‘.०००’ तसंच उतरवू नका, पी < ०.००१ लिहा. ‘शून्य परिकल्पना (फरक नाही हे गृहीतक) स्वीकारली’ हेही नको, ‘नाकारता आली नाही’ एवढंच म्हणा. आणि नुसत्या पी-व्हॅल्यूवर थांबू नका. फरक किती ग्रॅमचा, किती टक्क्यांचा, त्याचा विश्वासांतराल (कॉन्फिडन्स इंटरव्हल) किती, ते द्या. तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक बहुधा तक्त्यातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून सुरुवात करतात. निदान त्या ओळीचं झाड कुठल्या बागेतलं आणि ती नोंद कोणी घेतली, हे वहीत लिहिलेलं असू द्या.