घरी बाईकसाठी ॲल्युमिनियमची पेट्रोल टाकी करताय? या चुका टाळा

टाकी गळायला लागली की सगळ्यांचं बोट आर्गन वेल्डिंगवाल्याकडे जातं. माझंही गेलं होतं. कळव्याला घराच्या पडवीत ठोकून आकार दिलेली पहिली टाकी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून वेल्डिंगने जोडून आणली आणि तिसऱ्या दिवशी खालच्या कडेला ओला डाग दिसला. पण तो सांधा मी अंदाजाने कापला होता. दोन कडांमध्ये तिथे दीड-दोन मिलिमीटरची फट होती, आणि ती भरता भरता आजूबाजूचा पत्रा जास्त तापून पातळ झाला. गळतीची सुरुवात बहुतेक वेळा अशी घरातच होते, वेल्डिंगच्या आधी.

पहिली चूक दुकानात होते. नुसता ‘ॲल्युमिनियमचा पत्रा’ मागू नका, ग्रेड, म्हणजे मिश्रधातूचा क्रमांक विचारा. 6061-टी6 मजबूत असतो म्हणून लोक घेतात, पण लहान गोलाईत वाकवला की तडकतो. टाकीसाठी 3003 किंवा 5052 घ्या, जाडी 1.6 ते 2 मिलिमीटर. हा ग्रेड वेल्डरलाही सांगा, कारण सांध्यात वितळवून भरायची सळी त्यावर ठरते, आणि तिलाही क्रमांक असतो: 3003 ला 4043 चालते, 5052 ला 5356 लागते.

ठोकता ठोकता पत्रा कडक होतो. मोगरीचा आवाज टणक यायला लागला की थांबून पत्रा ज्योतीने तापवून मऊ करून घ्यायचा. इथे बरेच जण फसतात, कारण ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही. रंग बघत बसलात तर 660 अंशांच्या आसपास पत्रा एकदम खाली गळून पडतो. तापवण्याआधी पत्र्यावर अंगाचा साबण घासून ठेवा. तो काळपट तपकिरी झाला की ज्योत लगेच बाजूला घ्या.

आता सफाई. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो आणि तो वितळायला 2000 अंशांहून जास्त तापमान लागतं. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची साय तशीच, आणि ती सांध्यात अडकते. वेल्डिंग मशीनचा एसी करंट ही साय फोडतो, पण घासायचं काम आपलंच. स्टेनलेसचा ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवा. लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती इथे लावू नका. आधी ॲसिटोनने तेल पुसा, ते पूर्ण उडू द्या, मग ब्रश मारा आणि त्याच दिवशी वेल्डिंगला न्या. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मात्र अजिबात नको. वेल्डिंगच्या आर्कमध्ये त्याच्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

ठाण्याच्या पावसाळ्यात हे काम शक्यतो काढूच नका. पत्र्यावर, सळीवर ओल असेल तर तिच्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि धातू थिजताना बुडबुडे सोडतो. वरून वेल्डिंगची शिवण सुंदर दिसते, आत चाळणी असते. नंतर रंगासाठी तीच शिवण ग्राइंडरने सपाट केली की भोकं उघडी पडतात आणि सांधा पातळ होतो तो वेगळाच. शिवण दिसू द्या. मला तरी ती रंगापेक्षा देखणी वाटते.

चाचणीतली चूक सर्वांत धोक्याची. पंपावरची हवा टाकीत कधीही भरू नका. 20 बाय 30 सेंटीमीटरच्या एका बाजूवर 2 पीएसआय (टायरची हवा मोजतात ते दाबाचं एकक) दाबालाच चौऱ्याऐंशी किलोंच्या आसपास जोर येतो. टायरसारखी 30 पीएसआय भरलीत तर बाराशे किलोंच्या वर, आणि टाकी फुटते. पारदर्शक नळी यू आकारात बांधून पाणी भरा, एक टोक टाकीला जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात 1 मीटर फरक पडला की साधारण 1.4 पीएसआय झाले. तेवढ्यावर साबणाचं पाणी फिरवा, आणि हे रंगाच्या आधी. एकदा पेट्रोल पडलेल्या टाकीला पुन्हा वेल्डिंग लावू नका. रिकामी दिसली तरी आत वाफ असते, आणि तिचा स्फोट होतो.

टाकी फ्रेमला नट-बोल्टने घट्ट आवळू नका. घोडबंदर रोडचे खड्डे थेट शिवणीवर येतात आणि टाकी धरणाऱ्या ब्रॅकेटच्या टोकाशी चीर जाते. खाली रबर हवंच, आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडवा पत्रा हवा, झाकणाला हवेचं भोक हवं. नाहीतर चालत्या गाडीचं पेट्रोल अडतं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल ओल ओढतं. पाणी तळाला साचलं की तिथे ॲल्युमिनियम खायला लागतं. म्हणून पेट्रोल सोडायचा कॉक सर्वांत खोल जागी लावा आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. पत्रा कापण्याआधी आरटीओत विचारून या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते टाकीला लागत नाही ना हे बघायचं, तेही आधी पुठ्ठ्याचा नमुना बसवून त्यावरच. आणि टाकी बसल्यावर पहिले काही दिवस, प्रत्येक फेरीनंतर, इंजिन थंड झालं की कॉकच्या मुळाशी आणि खालच्या शिवणीवर कोरडं बोट फिरवा.