विंडोज न पुसता शेजारी लिनक्स मिंट : जागा, इन्स्टॉलेशन आणि ड्रायव्हर

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून चांगल्या चालत्या मशीनवर लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकण्याची चौकशी वाढली आहे. पण ऑफिसचं टॅली, जीएसटी-इन्कम टॅक्ससाठी लागणारा डिजिटल सहीचा टोकन, डीटीपीवाल्यांचे जुने मराठी फॉन्ट हे सगळं विंडोजवरच बसलेलं असतं. म्हणून ती पुसायची नाही, बाजूला दुसरी सिस्टिम टाकायची. इथे लिनक्सची ‘मिंट’ ही आवृत्ती, त्यातलं लिनक्स मिंट २२, धरून चाललो आहोत. ते उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात.

मिंट बसायला अर्धा तासही लागत नाही. घोळ होतात ते त्याआधीच्या तयारीत, आणि ती सगळी विंडोजमध्ये बसून करायची आहे.

विंडोजमधली तयारी

सगळ्यात आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर केलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे.

मग एन्क्रिप्शन बघा, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करून ठेवण्याची सोय. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर ते मालकाला पत्ता नसताना चालू असतं. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ दिसेल, प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’ दिसेल. आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, मग एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा. मोठ्या डिस्कला याला तासभर किंवा जास्तही लागतो. ही पायरी गाळून बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) हात घातला तर पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर तीच की मागते, आणि ती नसेल तर डेटा गेला.

त्यानंतर फास्ट स्टार्टअप. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ या वाटेने जा, वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. ती चालू असते तेव्हा शट डाउन केलं तरी विंडोज खरी बंद होत नाही, अर्धवट झोपते. अशा अवस्थेतली सी ड्राइव्ह लिनक्स एकतर उघडत नाही किंवा फक्त वाचू देतं.

आता जागा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा एमबीमध्ये भरायचा असतो : १०० जीबीसाठी १०२४००. मिंट २० जीबीतही बसतं, पण वर्षभर वापरायचं तर ६० च्या खाली जाऊ नका. मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीची ‘अनअलोकेटेड’ दिसेल. ती तशीच सोडा, तिथे नवी ड्राइव्ह बनवू नका.

ड्राइव्हवर २०० जीबी मोकळे असूनही श्रिंक करायला जेमतेम १० जीबी मिळत आहेत असं पुष्कळदा होतं. मध्येच बसलेल्या, न हलणाऱ्या फाइली हे त्याचं कारण : पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती फाइल), हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरचे पॉइंट. तिन्ही तात्पुरते बंद करा, मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करून बघा. काम झालं की पेजफाइल आणि रिस्टोअर परत चालू करायला विसरू नका.

शेवटी ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’समोर काय लिहिलंय ते पाहून ठेवा. मशीन सुरू होण्याची नवी पद्धत यूईएफआय, जुनी लेगसी. तिथे यूईएफआय असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआयनेच सुरू करायचा, लेगसी असेल तर लेगसीने. विंडोज एका पद्धतीने आणि मिंट दुसऱ्या पद्धतीने बसलं तर बूट मेन्यूत दोघांची गाठ पडत नाही.

पेनड्राइव्ह

८ जीबीचा पुरतो, त्यातलं सगळं पुसलं जाईल. मिंटच्या अधिकृत साइटवरून सिनॅमन आवृत्तीची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एका फाइलीत) घ्या, रॅम ४ जीबीच असेल तर हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. रूफस (आयएसओ पेनड्राइव्हवर चढवणारा विंडोजचा प्रोग्राम) उघडून आयएसओ निवडा आणि ‘सिलेक्ट’शेजारच्या बरोबरच्या खुणेवर क्लिक करा. एसएचए-२५६ चा ६४ अक्षरी आकडा, म्हणजे त्या फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा, येईल, तो साइटवरच्या आकड्याशी जुळवा. डाउनलोड अर्धवट झालं असेल तर इथेच कळतं, नाहीतर इन्स्टॉलेशन मधेच अडकतं. पुढे पार्टिशन (डिस्कचे भाग) स्कीम ‘जीपीटी’ ठेवा (लेगसी मशीनला ‘एमबीआर’) आणि स्टार्ट करा.

घरात पडलेला जुना आयएसओ वापरू नका. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटने जुने बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम) नाकारायला सुरुवात केली. तेव्हा ‘शिम एसबीएटी’ असा काहीतरी मजकूर येऊन मशीन बंद पडायचं. ताजा आयएसओ घेतला की हा प्रश्नच राहत नाही.

लाइव्ह सेशन

म्हणजे काही न बसवता पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून बघणं. मशीन सुरू होताना डेल, लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडा. एसरवर एफ१२ चा मेन्यू बरेचदा आधी बायोसमधून चालू करावा लागतो. सिक्युअर बूट (ओळख पटलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारं बायोसमधलं सेटिंग) चालूच राहू द्या, मिंट त्यासह सुरू होतं. पडदा काळाच राहिला तर पहिल्या मेन्यूतून ‘कंपॅटिबिलिटी मोड’ घ्या. बहुधा एनव्हिडियाचं कार्ड असतं.

डेस्कटॉप आला की लगेच इन्स्टॉलवर झडप घालू नका. वाय-फाय जोडा, गाणं वाजवा, माइक, कॅमेरा, टचपॅड, ब्लूटूथ तपासा. ड्रायव्हरचा खरा निकाल इथेच लागतो. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) आतच असतात, कंपनीच्या साइटवरून सीडीभर सॉफ्टवेअर उतरवायचं नसतं. इथे जे चाललं ते पुढेही चालेल, आणि जे चाललं नाही त्याची यादी करून ठेवा.

इन्स्टॉलेशन

भाषा मराठीही निवडता येते, पण एरर आली तर इंग्रजीतल्या ओळीचा शोध पटकन लागतो, म्हणून सिस्टिमची भाषा इंग्रजी ठेवावी हे बरं. मल्टीमीडिया कोडेकवर (गाणी, व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) खूण करा. मग ‘इन्स्टॉलेशन टाइप’ येतो. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय विंडोजसकट सगळं साफ करतो. ‘समथिंग एल्स’ घ्या, म्हणजे काय होतंय ते डोळ्यांसमोर राहतं.

१. ‘फ्री स्पेस’ची ओळ निवडा, अधिकच्या चिन्हावर क्लिक करा. प्रकार एक्स्ट४, माउंट पॉइंट नुसती तिरकी रेघ (/). स्वॅपसाठी (लिनक्सच्या पेजफाइलसाठी) वेगळं पार्टिशन नको, फाइल आपोआप बनते.

२. ‘ईएफआय’ प्रकारचं १०० ते २६० एमबीचं पार्टिशन आधीच असेल. त्यात विंडोजचा बूटलोडर आहे, मिंटही आपला तिथेच शेजारी ठेवतं. त्याच्या फॉरमॅटवर खूण नसल्याची दोनदा खात्री करा.

३. खाली बूटलोडरसाठी तीच डिस्क निवडा, पेनड्राइव्ह नव्हे.

डिस्कच दिसत नसेल तर बहुधा बायोसमध्ये स्टोरेज ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’वर आहे. ते थेट एएचसीआय या लिनक्सला चालणाऱ्या पद्धतीवर टाकलं तर विंडोज सुरू होत नाही, कारण तिचा तो ड्रायव्हर झोपलेला असतो. आधी विंडोजच्या ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये ‘सेफ बूट’वर खूण करा, मग बायोसमध्ये एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडा आणि खूण काढा. तिथून पुढे ती सरळ चालते.

ड्रायव्हर

पहिलं काम अपडेट मॅनेजर, दुसरं टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट, म्हणजे बिघडलं तर सिस्टिम आत्ताच्या स्थितीत परत नेता येते. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्ससाठी तिथे काही दिसणार नाही, ते आधीच चालू आहे. एनव्हिडियासाठी ‘रेकमेंडेड’ लिहिलेला घ्या, सगळ्यात मोठ्या आकड्याचा मोह नको. ब्रॉडकॉमचं वाय-फायही इथूनच येतं, पण ते उतरवायला इंटरनेट हवं. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं की झालं. नव्याकोऱ्या वाय-फाय चिपला अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूतून नवं कर्नल टाकून बघा. स्वस्त रिअलटेक डोंगलमागे फार वेळ घालवू नका.

सिक्युअर बूट चालू असताना एनव्हिडिया टाकला की एक पासवर्ड ठरवायला सांगतात, निदान ८ अक्षरांचा. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. तिथे १० सेकंदांत एखादी की दाबून ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, तोच पासवर्ड आणि रीबूट. बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं : लोक चहा आणायला जातात, पडदा निघून जातो, ड्रायव्हर बसलेला दिसतो पण लोड होत नाही. तसं झालं तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका.

ड्रायव्हरनंतर पडदा काळा झाला तर बूट मेन्यूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून रिकव्हरी मोड, मग ‘रिझ्यूम’. डेस्कटॉप आला की ड्रायव्हर मॅनेजरमधून जुनी आवृत्ती निवडा.

एचपीचे प्रिंटर सहज चालतात. गल्लोगल्लीच्या झेरॉक्सवाल्याकडे असणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र डोकं खातो. त्याची छपाई विंडोजमधूनच घ्या.

मराठी टायपिंगला काही उतरवायचं नाही. कीबोर्डच्या ‘लेआउट्स’मध्ये इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी ‘मराठी कगप’ दोन्ही आहेत.

नंतरच्या कटकटी

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं तर घाबरू नका. मदरबोर्डवरची वेळ लिनक्स यूटीसी (ग्रिनिचची जागतिक वेळ) मानतं आणि विंडोज स्थानिक. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘timedatectl set-local-rtc 1’ हे जसंच्या तसं टाइप करा.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर बूट मेन्यू गायब झाला तर बायोसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात ‘उबुंटू’ वर आणा. हो, मिंटची नोंद तिथे उबुंटू नावानेच असते.

पुढेमागे मिंट काढायचं ठरलं तर आधी बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणा, विंडोज सरळ सुरू होते ते बघा, आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून मिंटचं पार्टिशन उडवून ती जागा ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने सी ड्राइव्हला जोडा.