विद्यापीठाच्या मानसशास्त्रीय प्रशिक्षण चिकित्सालयाचा इतिहास कसा लिहावा

विभागाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला की, विद्यार्थी जिथे पर्यवेक्षणाखाली रुग्ण तपासायला शिकतात त्या चिकित्सालयाचा इतिहास लिहिण्याचे काम बहुधा एखाद्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडते, आणि तो सर्वप्रथम विभागप्रमुखांच्या नावांचा फलक उतरवून घेतो. तो फलक तूर्त बाजूला ठेवावा. पहिला रुग्ण कोण होता, त्याला कोणी आणले आणि त्या वेळी खोलीत शिकणारे कोण होते, या तीन प्रश्नांपासून सुरुवात करावी.

फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चिकित्सालयाचे उदाहरण घेऊ. जर्मनीत लाइपझिग येथे प्रायोगिक मानसशास्त्राचे प्रवर्तक वुंट यांच्याकडे डॉक्टरेट केलेले लाइटनर विट्मर यांनी ते 1896 मध्ये सुरू केले, एवढे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळते. मात्र पहिल्या केसकडे पाहिले की चित्र बदलते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये शुद्धलेखन अजिबात न जमणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला मार्गारेट मॅग्वायर या शिक्षिकेने विट्मर यांच्यासमोर आणले. तपासणीत त्याच्या डोळ्यांत दोष आढळला, चष्मा लागला आणि पुढे त्याला वाचन-लेखनाचे खास शिक्षणही देण्यात आले. या मॅग्वायरबाई स्वतः विट्मर यांच्याकडे मानसशास्त्र शिकत होत्या. म्हणजे रुग्ण आला तो विद्यार्थिनीचा हात धरून. प्रशिक्षण ही मागाहून जोडलेली सोय नव्हती. आपल्या विभागात उपचार आधी सुरू झाले की अध्यापन, हे असेच शोधावे, कारण पुढची मांडणी त्या उत्तरावर उभी राहते.

त्यानंतर प्रत्येक घटनेला दोन तारखा लावाव्यात, एक घडल्याची आणि दुसरी लिहून ठेवल्याची. त्या मुलाची हकीकत विट्मर यांनी विस्ताराने छापली ती 1907 मध्ये, स्वतःच सुरू केलेल्या ‘द सायकॉलॉजिकल क्लिनिक’ या नियतकालिकात; ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्र या शाखेचा त्यांनी केलेला पुरस्कारही त्याच नियतकालिकाच्या पहिल्या अंकातला. अकरा वर्षांनी लिहिणारा संस्थापक सुरुवातीला नंतरचा अर्थ चिकटवतो, आणि त्यात लबाडीच असते असे नाही. निवृत्त प्राध्यापकांच्या मुलाखती घेतानाही हेच ध्यानात ठेवावे.

‘पहिले’ हा शब्द जपून वापरावा. विट्मर यांच्या चिकित्सालयाला पहिले म्हणतात, तरी त्याआधी ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन 1884 मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात तीन पेनी घेऊन लोकांच्या शरीराची आणि इंद्रियशक्तीची मोजमापे करीत होते. पण मोजून झाल्यावर माणूस घरी जाई, त्याच्या अडचणीवर इलाज होत नसे. कशातले पहिले, हे वाक्यातच सांगितले तर वाद उरत नाही.

खरी कसोटी विद्यार्थ्यांचा माग काढण्यात आहे, कारण केसपेपर रुग्णाबद्दल भरभरून बोलतो आणि शिकणाऱ्याबद्दल गप्प राहतो. कागदाच्या तळाशी एक सही विद्यार्थ्याची आणि शेजारी पर्यवेक्षकाची आद्याक्षरे दिसतात का, हे पाहावे. दुसरी सही ज्या वर्षापासून नियमित दिसू लागते, त्या वर्षापासून पर्यवेक्षणाची पद्धत रुळली असे धरायला आधार मिळतो. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे विभागाने घेतलेल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, तर हमखास उघडावे. एकतर्फी काच (पलीकडून न दिसता सत्र पाहण्यासाठीची) किंवा टेपरेकॉर्डर केव्हा घेतला याची त्यातली एक ओळ साऱ्या वार्षिक अहवालांपेक्षा जास्त सांगून जाते. अमेरिकेतील चिकित्सालयाबद्दल लिहायचे असल्यास 1949 मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणावर भरलेल्या बोल्डर परिषदेच्या आधीचे आणि नंतरचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचावेत, कारण मानसशास्त्रज्ञाने संशोधन आणि उपचार दोन्ही शिकले पाहिजे, हा आग्रह तिथे पक्का झाला.

पडत्या काळालाही जागा द्यावी. विट्मर यांचे नियतकालिक 1935 मध्ये थांबले आणि 1937 मध्ये ते निवृत्त झाले, तरी चिकित्सालय 1961 पर्यंत चालू होते. स्वतःचे मुखपत्र नसलेली अशी वर्षे छापील साहित्यात विरळ दिसतात, म्हणून तिथे दप्तरखान्यातच बसावे लागते.

हे सारे हाताळताना गोपनीयता सुटता कामा नये. भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 च्या कलम 23 ने रुग्णाला तो हक्क दिला आहे. विट्मर यांनी त्या मुलाला टोपणनाव दिले होते. लहान गावात मात्र नाव बदलूनही वय, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय एकत्र आले की माणूस ओळखू येतो. म्हणून विभागाची लेखी परवानगी आणि नीतिसमितीची मान्यता आधी घ्यावी, केसपेपरची छायाचित्रे मोबाइलवर काढू नयेत आणि टिपणवहीत नावाऐवजी केवळ अनुक्रमांक लिहावा.