नवीन बाईकचं पहिलं मेंटेनन्स घरी: चेन वगळली तर बाकी सगळं सोपंय

दसऱ्याला गाडी घेतली, चाकाखालचं लिंबू चिरडलं, झेंडूचा हार घालून घरी आणली आणि भाऊबीजेच्या चकरा मारता मारता मीटरवर ५०० कधी पडले ते कळलंही नाही. आता सोसायटीतले काका, ऑफिसमधला मित्र आणि मोबाईलवरच्या व्हिडिओतला पोरगा असे तिघं मिळून तुम्हाला सल्ले देणार. त्यातले बरेच सल्ले मी ऐकलेत आणि त्याचे पैसे पण भरलेत, म्हणून हे लिहितोय.

आधी हे सांगतो की पहिली फ्री सर्व्हिसिंग सेंटरलाच करा. घरी करून दाखवायची खाज मलाही होती, पण कूपनवर किलोमीटर आणि दिवस दोन्ही छापलेले असतात, जे आधी होईल ते धरायचं असतं, आणि तो शिक्का नसला तर उद्या वॉरंटी मागायला गेलात की पहिलं बोट तिथेच ठेवतात. मजुरी फ्री असते, ऑइलचे पैसे तुमचेच, त्यामुळे उभं राहून ऑइलच्या डब्याचं सील फुटताना बघा, लाजू नका. नव्या इंजिनात पार्ट एकमेकांवर घासून बसत असतात आणि त्याचा बारीक चुरा त्या पहिल्या ऑइलमध्ये उतरतो, म्हणून "अजून ऑइल चांगलंच दिसतंय, पुढच्या वेळी बदलू" म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

मग घरी काय करायचं? सेंटरवाल्याला दिवसाला पन्नास गाड्या असतात, तो जे घाईघाईत करतो ते सगळं.

टायरची हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी, थंड टायरवर बघा. आकडा चेन कव्हरच्या किंवा मागच्या फोर्कच्या स्टिकरवर असतो, सिंगलचा वेगळा आणि डबलसीटचा वेगळा. पंपावरचा पोरगा न विचारता पुढे मागे ३५-३५ भरून देतो, तसं करू देऊ नका.

ऑइल लेव्हल गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करून बघायची, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून, बंद करून, परत दोन-तीन मिनिटं थांबून. साइड स्टँडवर बघून "ऑइल कमी झालं" म्हणत वरून ओतणारे लोक मी पाहिलेत. टॉपअप करायचंच असेल तर मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं घ्या. घरात कारचं उरलंय म्हणून ते घालू नका, आपल्या बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो स्लिप व्हायला लागतो.

आरसे, लेगगार्ड, साडी गार्ड, सायलेन्सरचे बोल्ट: हाताने हलवून बघा, ढिले असतील ते आवळा. नव्या गाडीचा खडखड आवाज दहातल्या आठ वेळा साडी गार्डचाच असतो.

क्लच लिव्हरला टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी चाल पाहिजे. झालं.

आता चेन.

नवीन चेन पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये सगळ्यात जास्त ढिली होते. लोक म्हणतात चेन ताणली गेली, पण स्टील काही रबरासारखं ताणत नाही. आतल्या पिना आणि बुश एकमेकांत घासून बसतात, प्रत्येक कडीत केसाएवढी जागा होते, आणि शंभरच्या वर कड्या असल्या की ती केसाएवढी जागा बोटभर दिसते. म्हणजे चेन खालून लोंबायला लागली, खडखड वाजायला लागली, तर गाडीत डिफेक्ट नाही, हे होणारच असतं. (कम्युटर गाड्यांना पूर्ण बंद चेन कव्हर असतं, तिथे खालचं रबरी बूच काढून बोट घालून बघायचं. मी लिहितोय ते उघड्या चेनवाल्या गाड्यांसाठी, पण नियम दोन्हीकडे तेच.)

साफ करायचं सोपंय. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर चेन क्लीनरचा स्प्रे, मऊ ब्रश आणि जुन्या बनियनची चिंधी. पेट्रोल नको, तारेचा ब्रश तर अजिबात नको. बऱ्याच गाड्यांच्या चेनमध्ये कड्यांच्या मधे बारीक रबरी ओ-रिंग असतात, त्यांनीच आतलं ग्रीस धरून ठेवलेलं असतं, त्या गेल्या की चेन गेली. आणि कृपा करून, हात जोडून सांगतो, इंजिन चालू करून पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवत चिंधी धरायची नाही. व्हिडिओत करतात, दिसायला भारी दिसतं, पण ती चिंधी एकदा स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या, दातात गेली की मागोमाग बोटं जातात. किल्ली काढून खिशात ठेवा, गाडी न्यूट्रलला, चाक हाताने फिरवा. दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

वंगण म्हणून ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूबचा स्प्रे. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला, गंज सोडवायला ठीक आहे, त्याच्यावर चेन चालवायची नसते. सर्व्हिसिंगला काढलेलं जुनं काळं ऑइल चेनला लावतात ते तर मला आजपर्यंत समजलेलं नाही, ज्यात चुरा आहे म्हणून बाहेर काढलं तेच परत चेनला पाजायचं? ल्यूब चेनच्या आतल्या बाजूने मारा, मागे एक पुठ्ठा धरा म्हणजे टायरवर आणि डिस्कवर उडणार नाही. शक्यतो रात्री घरी आल्यावर, चेन कोमट असताना लावा, सकाळी जास्तीचं पुसून टाका.

आणि आता ते, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो. चेन टाइट करणं.

माझ्या पहिल्या गाडीची चेन मी स्वतः टाइट केली तेव्हा शेजारचे काका उभे होते. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक हवेत, आणि काका म्हणाले, "अरे अजून घे, अजून घे, लोंबली नाही पाहिजे." मी घेतली. तारेसारखी झाली, वाजवली तर टणटण वाजेल अशी. काका खूश, मी पण खूश. पुढच्या रविवारी बायकोला मागे बसवून वाईहून पाचगणीला निघालो आणि पसरणी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या वळणापासून खालून कूंऽऽऽ असा आवाज सुरू झाला, गाडी जड ओढायला लागली, मला वाटलं घाट आहे म्हणून. वर पोचून चेनजवळ हात नेला तर चटका बसेल इतकी गरम. तसाच महाबळेश्वरपर्यंत गेलो, तसाच परत आलो. नंतर पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील गळायला लागलं आणि मेकॅनिकने उघडल्यावर सांगितलं की आतलं बेअरिंग पण वाजतंय. नवी गाडी, चार महिने झालेले.

असं का होतं ते एकदा समजून घ्या म्हणजे आयुष्यात कुणाचा "अजून घे" ऐकणार नाही. मागचं चाक ज्या फोर्कवर, म्हणजे स्विंगआर्मवर बसलेलं असतं तो फोर्क स्वतःच्या पिव्हट बोल्टवर वर-खाली होतो. पुढचं स्प्रॉकेट त्या पिव्हटवर नसतं, त्याच्या थोडं पुढे असतं. त्यामुळे चाक वर-खाली झालं की पुढचं स्प्रॉकेट आणि मागचा एक्सल (चाकाच्या मधला दांडा) यांच्यातलं अंतर बदलत राहतं. चाक हवेत लोंबत असताना ते अंतर कमी, म्हणून चेन ढिली दिसते. दोघं बसलात, सस्पेन्शन दबलं, पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल एका रेषेत आले की अंतर सगळ्यात जास्त आणि चेन सगळ्यात टाइट. म्हणजे रिकाम्या गाडीवर तुम्हाला जी "लोंबलेली" दिसते ती ढील खड्ड्यासाठी आणि मागे बसणाऱ्या माणसासाठी ठेवलेली असते. ती खाऊन टाकली की सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. चेन थोडी ढिली राहिली तर फार तर खडखडेल, टाइट राहिली तर बेअरिंग खाईल. शंका आली तर ढिल्याच्या बाजूला रहा.

आता करायचं कसं. आधी मॅन्युअल किंवा फोर्कवरचं स्टिकर बघा, किती ढील पाहिजे आणि ती कुठल्या स्टँडवर मोजायची हे दोन्ही लिहिलेलं असतं. दुसरी गोष्ट कुणी वाचतच नाही. माझ्या गाडीला २५ ते ३५ मिलिमीटर आहे, तुमचा आकडा वेगळा असू शकतो. खालच्या बाजूच्या चेनच्या बरोबर मध्याशी पट्टी उभी धरा, बोटाने चेन खाली ओढा, आकडा बघा, वर ढकला, परत बघा, दोन्हीतला फरक म्हणजे तुमची ढील. मग चाक थोडं फिरवून परत मोजा, असं चार-पाच ठिकाणी. सगळीकडे सारखं येणार नाही, एखाद्या जागी चेन जरा टाइट लागते, आणि ॲडजस्टमेंट त्याच जागेवर करायची. ढिल्या जागेवर धरून केली की टाइट जागा तारेसारखी होते, म्हणजे आले परत आमचे काका.

एक्सलच्या नटला स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली, टोकं वाकवलेली पिन) असेल तर काढा आणि नवीन आणून ठेवा, जुनी परत वाकवून घालू नका. नट ढिला करा, पूर्ण काढायचा नाही. सीटखालच्या टूलकिटमधला पाना या नटला लावू नका, तो नटचे कोपरे गोल करतो, चांगला रिंग पाना घ्या. मग दोन्ही बाजूच्या ॲडजस्टरचे (चाक मागे-पुढे सरकवणाऱ्या बोल्टचे) लॉकनट ढिले करून डावीकडे पाव फेरा, उजवीकडे पाव फेरा, आणि मोजा. परत पाव, पाव, मोजा. एका बाजूला एकदम दोन फेरे देऊन मग दुसरीकडे जायचं नाही, चाक तिरकं बसतं. दोन्हीकडच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, पण त्या खुणांवर माझा पूर्ण विश्वास नाही, म्हणून मी मागे जमिनीवर बसून एक डोळा मिटून चेनच्या रेषेत बघतो, चेन स्प्रॉकेटवर सरळ चढतेय की एका बाजूला घासतेय. दातांच्या एकाच बाजूला चमक दिसली तर चाक तिरकं आहे.

जास्त टाइट झाली तर ॲडजस्टर नुसता मागे फिरवून काही होत नाही, चाक आहे तिथेच राहतं. ॲडजस्टर बराच ढिला करा, चाकाला मागून तळहाताने किंवा बुटाने पुढे ढकला, आणि परत ढिल्यापासून सुरुवात करा. नेहमी ढिल्याकडून टाइटकडे यायचं.

आणि ही युक्ती मला फार उशिरा कळली. नट आवळताना एक्सल थोडा सरकतो, केलेलं माप बिघडतं, तुम्ही ३० मोजून आवळता आणि नंतर २२ येतं. त्यासाठी चिंधीची जाड गुंडाळी करून खालच्या बाजूने चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मधे ठेवा, चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा, गुंडाळी दातात अडकते, चेन ताणली जाते आणि एक्सल पुढे ओढला जाऊन ॲडजस्टरला घट्ट टेकतो. बोटं लांब. त्या अवस्थेत नट आवळा, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्यावर. मग चाक उलटं फिरवून चिंधी काढा, लॉकनट आवळा, नवी स्प्लिट पिन घाला, आणि परत मोजा. ज्याने परत मोजलं नाही त्याने काम केलंच नाही असं मी धरतो.

मागे ड्रम ब्रेक असेल तर अजून एक काम उरतं. चाक मागे गेलं म्हणजे ब्रेकचा रॉड पण ओढला गेला, पेडलची मोकळी चाल कमी झाली. चाक हाताने फिरवा, कुठे घासत असेल तर रॉडचा नट थोडा ढिला करा, आणि ब्रेक दाबल्यावर मागचा लाइट वेळेवर लागतोय ना ते बघा. ही पायरी विसरून ड्रम तापवलेले लोक माझ्या माहितीत तीन आहेत, त्यातला एक मी.

शेवटी घरातल्या दोघांना गाडीवर बसवा, दोघं नीट वजन टाकून, आणि तुम्ही खाली वाकून चेन हलवून बघा. थोडी तरी हलली पाहिजे. पोरांना हे काम फार आवडतं, आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात.

नटवर आणि फोर्कवर मिळून खडूने एक सरळ रेघ मारा, दहा-पंधरा किलोमीटर फिरून या, रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय, परत आवळा. मीटरचा आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. साफसफाई आणि ल्यूब ५०० किलोमीटरला, पावसाळ्यात भिजून आलात तर त्याच रात्री.