इंग्लंडच्या जुन्या नोंदींतला खंड क्रमांक: या चुका टाळा

इंग्लंड-वेल्सच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या सूचीत नावापुढे नोंदणी जिल्हा, खंड आणि पान असतं. उदाहरणार्थ, ‘वेस्ट डर्बी, ८बी’ आणि पुढे पान. बहुतेक घोळ ‘८बी’ला जिल्ह्याचा क्रमांक समजल्याने होतो. जिल्ह्यांतून दर तिमाहीला नकला लंडनच्या जनरल रजिस्टर ऑफिसात यायच्या आणि प्रदेशवार बांधल्या जायच्या. हा क्रमांक त्या खंडाचा. म्हणून ८बीत लिव्हरपूलही आहे आणि वेस्ट डर्बीही. (वेस्ट डर्बी लिव्हरपूललाच लागून आहे. नावावरून डर्बीशायरला जाऊ नका, ते ७बी.)

वर्ष न पाहता खंड वाचणं ही त्याहून महागडी चूक. जुलै १८३७ मध्ये नोंदणी सुरू झाली तेव्हापासून १८५१ अखेरपर्यंत खंडांना रोमन अंक होते, १ ते २७. १८५२ पासून १ए ते ११बी अशी नवी मांडणी आली, ती १९४६ पर्यंत टिकली. जुन्या अकरात ब्रिस्टल, नव्या ११एत कार्डिफ! सूची उतरवून घेणारे रोमन अंक साध्या आकड्यांत लिहितात, त्यामुळे फसायला होतं. १९४६ पर्यंतच्या नोंदीत अक्षर नसेल, तर ती १८५१ची किंवा आधीची, नाहीतर उतरवताना अक्षर गळलंय. ए आणि डी यांचीही गल्लत होते. बर्मिंगहॅमपुढे ६ए दिसलं तर मूळ पानाचं चित्र उघडाच, तिथे ६डी असायला हवं.

काउंटीवर फार विसंबू नका. हे जिल्हे गरीब कायद्याच्या युनियनांवरून (गरिबांच्या मदतीसाठी केलेल्या गावांच्या गटांवरून) आखले गेले, काउंटीच्या सीमा पाहून नव्हे. टॉडमॉर्डन जिल्ह्यातली काही गावं लँकेशरातली, पण खंड यॉर्कशरचा, ९ए.

सूचीतली तिमाही नोंदणीची असते, जन्माची नाही. नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, तेव्हा डिसेंबरचं बाळ पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीतही (जानेवारी ते मार्च) शोधा. लग्नात वधू-वर दोघांचा जिल्हा, खंड, पान जुळलंच पाहिजे. पण एका पानावर एकाहून जास्त लग्नं असतात, त्यामुळे नुसतं पान जुळणं हा पुरावा नव्हे.

दाखला मागवताना हा संदर्भ जनरल रजिस्टर ऑफिसलाच द्या. स्थानिक कचेरीच्या वह्यांचे क्रमांक वेगळे असतात.

स्कॉटलंड यात नाही. तिथली नोंदणी १८५५ची, आणि तिथे क्रमांक खरोखर जिल्ह्याचा असतो: एडिनबरा ६८५, ग्लासगो ६४४. मुंबई इलाक्यात जन्मलेला इंग्रज किंवा अँग्लो-इंडियन पूर्वज शोधत असाल, तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सची एन/३ मालिका आधी पाहा. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं तिथे आहेत.